फटी भरायच्या राहिल्यात

डोळ्यांत साबण गेला म्हणून तिने भिंतीला हात टेकला, आणि भिंत हलली. भिंत म्हणजे भिंतीवरची एक टाइल. पण डोळे मिटलेले असताना माणसाला एवढा फरक कळत नाही. तोंडावर पाणी मारून तिने पाहिलं, तर छातीच्या उंचीवरची एक फिकट निळी टाइल कोपऱ्यातून बाहेर आली होती. दोन बोटांनी धरून ओढली तशी ती अलगद हातात आली, वाट बघत असल्यासारखी. मागे काळपट ओला चौकोन होता आणि त्याला बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा वास होता. अंगावर साबण, हातात टाइल, अशी ती तिथेच उभी राहिली. मग कामाच्या सवयीने तिने शेजारच्या टाइलवर बोटाच्या पेराने टकटक केली. पोकळ. तिच्या खालची पोकळ. वरची जरा बरी, पण तीही फार दिवसांची सोबतीण नव्हे. अर्धी भिंत नुसती लाजेकाजेस्तव उभी होती, आणि आपण रोज सकाळी तिच्यासमोर उघड्या अंगाने निर्धास्त उभ्या राहत होतो, याचं तिला त्या क्षणी भय वाटण्याऐवजी नुसता कंटाळा आला. म्हणजे आता हेही.

ती कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याच्या तपासण्या करायची. बंद काचेच्या खोलीत माणूस बसतो, त्याच्या कानांवर यंत्र असतं, हातात एक बटण. बाहेर बसून ती एकेक स्वर सोडायची, आधी ठळक, मग बारीक, मग इतका बारीक की तो आहे की नाही याची सोडणाऱ्यालाच शंका यावी. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच. पण माणसं एवढंही सरळ करत नाहीत. स्वर सोडलेलाच नसताना दाबतात. काचेतून तिच्या चेहऱ्याकडे, खांद्याकडे बघून अंदाजाने दाबतात. ज्यांना काहीच ऐकू येत नाही ते सगळ्यात जास्त दाबतात. इतकी वर्षं हे बघून तिला कुणाचा राग येत नसे. संध्याकाळी घरी येऊन ती दिवा न लावता थोडा वेळ बसून राही आणि घरातले आवाज ऐके: फ्रिजचा, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवल्याचा, नळाचा. कुणी उत्तर मागत नाही असे आवाज. नवरा सोडून गेला त्याला बराच काळ लोटला होता आणि त्या जाण्यातली हीच एक गोष्ट तिने, कुणाला न सांगता, जमेला धरली होती.

टाइल निघाली त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. ताईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन ती दादाकडे राहत होती, बाहेरच्या खोलीत दिवाणावर. दादा मोठ्यांदा बोलत होता, म्हणजे शेजारी ताई नव्हती.

"आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर. तिला जिना चढवत नाही. वहिनी रोज ओल्या फडक्याने तिचं अंग पुसून देते. किती दिवस चालणार असं? तुझ्याकडे लिफ्ट आहे. रिकामी खोली आहे."

"माझ्याकडे शॉवरला उंबरा आहे, दादा. चांगला घोट्याच्या वर येतो. तिला पाय उचलून आत जावं लागेल. आणि टाइल्स निखळल्यात."

"मग करून घे की. हल्ली बिनउंबऱ्याचं करतात. सरळ चालत आत जायचं." मग जरा थांबून, आवाजात गूळ घालून तो म्हणाला, "तुलाही सोबत होईल गं."

ती "करते" म्हणाली. आपण ते म्हणालो हे तिला फोन ठेवल्यावर कळलं.

टाइल्स बसवणारा एक माणूस येऊन गेला. त्याने कानामागचं पेन काढून भिंतीवर ठोकलं, सोमवारी येतो म्हणाला, आणि तो सोमवार काही उजाडला नाही. त्याने फोन उचलणंही सोडून दिलं. दुसरा माणूस शोधता आला असता. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे कुणाचा तरी नंबर होता. त्यांनी तो स्वतःहून देऊ केला होता. पण दादाने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माणसंच मिळत नाहीत. मीच करते आता."

"तू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"लोक करतात. व्हिडिओ असतात."

दादा हसला, मग हसायचा थांबला, आणि तिला वाटलं की त्याला काहीतरी समजलं. पण त्याला काही समजलं नव्हतं. समजायला तिला स्वतःलाच पुढे बरेच दिवस लागले.

काम मात्र तिने मनापासून केलं, हे सांगायला हवं. छिन्नी-हातोडी आणली, डोळ्यांवर घालायचा प्लास्टिकचा चष्मा आणला, नाकातोंडाला फडकं बांधलं. दवाखान्यातून आल्यावर चहा घ्यायचा, जुना पंजाबी ड्रेस चढवायचा आणि कामाला लागायचं. पोकळ टाइल्स पटापट निघाल्या. घट्ट होत्या त्यांनी तिचा जीव काढला. त्या तुकड्यातुकड्याने सुटायच्या आणि प्रत्येक तुकडा मनगटात कळ ठेवून जायचा. मग उंबरा. तो फोडायला तिला सर्वांत जास्त दिवस लागले, कारण बांधणाऱ्याने तो धरण बांधावं तसा बांधला होता. मलबा पोत्यांत भरून ती लिफ्टने खाली न्यायची, आणि लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येकजण विचारायचा, "अजून किती दिवस?" ती म्हणायची, "होईल." स्वतःची आंघोळ संडासातल्या नळाखाली बादली लावून, कोपर भिंतीला आपटत. रात्री अंथरुणावर पडलं की हाताला हातोडीचा कंप जाणवत राही, बोटीतून उतरल्यावरही जमीन हलत राहते तसा. थकवा होता, पण तो तिचा स्वतःचा होता. तिच्या रोजच्या थकव्याला असा आकार नसायचा.

सगळ्यात अवघड काम फरशीच्या उताराचं. चारही बाजूंनी पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. उतार जास्त झाला तर चालणाऱ्याचा पाय घसरेल, कमी झाला तर पाणी साचेल. ती गुडघ्यांवर बसून ओल्या सिमेंटवर फळी ओढायची, पाणसळ ठेवायची, त्यातला बुडबुडा बघायची. बुडबुडा रेघेच्या किंचित पलीकडे हवा. किंचित म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. ते करत असताना तिला ताईचा हात आठवायचा. ताई एका शाळेत मुलींना शिवण शिकवायची आणि घरी आल्यावरही तिच्या बोटांत टाचण्या असल्यासारख्या असत. आई गेली तेव्हा ही इतकी लहान होती की आईचं असं तिला काही आठवत नव्हतं. ताईनेच तिला वाढवलं, म्हणजे सगळं केलं असणार, न्हाऊमाखू घालण्यापासून. पण तेही तिला आठवत नव्हतं. आठवत होतं ते पुढचं: फ्रॉकचं माप घेताना "सरळ उभी राहा, छोटे" म्हणणारी ताई. सरळ उभं राहिलं तरी ताईला ते सरळ वाटत नसे. ती खांदे धरून पुन्हा उभी करायची. अजूनही कुणी पाठीमागून आलं की हिचे खांदे आपोआप मागे जायचे.

आणि नवरा गेल्यानंतरचा तो महिना. ताई न बोलावता आली, बॅग ठेवली आणि तडक स्वयंपाकघरात शिरली. दुसऱ्या दिवशी सगळे डबे हलले होते. मीठ कुठे आहे विचारायची हिला लाज वाटायची. स्वतःच्या घरात माणूस मीठ कुठे आहे असं विचारतो का? ताई काही वाईट बोलली नाही. नवऱ्याचं नावही काढलं नाही. रोज गरम गरम वाढलं, रोज समोर बसून शेवटच्या घासापर्यंत खायला लावलं, आणि रोज संध्याकाळी दारात उभी राहून वाट बघितली. हिला रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच ती दिसायची आणि पाय जड व्हायचे. असं कुणी आपली वाट बघावी यासाठी लोक झुरतात, आणि आपण कोपऱ्यावरच्या दुकानात शिरून नको असलेल्या वस्तू चाळत बसतो, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट असणार. ताई गेल्यावर तिने डबे परत जागच्या जागी लावायला घेतले, आणि जुन्या जागा तिला आठवेनात.

त्याच्याही मागचं एक होतं. खूप वर्षांपूर्वी, एका लग्नाच्या जेवणात, एक लांबची मावशी सहज बोलून गेली होती. ताईचं एकदा ठरलं होतं म्हणे. मुलगा चांगला होता, ताईलाही आवडला होता. पण त्यांच्याकडून निरोप आला की धाकटीला बरोबर आणता येणार नाही. आणि ताईने नको म्हणून कळवलं. मावशीने हे सांगितलं आणि भात वाढून घेतला. ही हातातला घास धरून बसली. मावशीला आपण कोणासमोर काय बोललो याची जाणीवही नव्हती. ताईने हे कधी सांगितलं नाही. भांडतानासुद्धा नाही. तिच्या तोंडून ते वाक्य एकदा जरी निघालं असतं, तुझ्यापायी माझं असं झालं, तर ही उलट बोलू शकली असती, रडू शकली असती, मी सांगितलं होतं का तुला, असं म्हणू शकली असती. पण ताईने ते गिळलं ते गिळलं. आणि आता त्या न बोललेल्या वाक्याला घेऊन ताई इथे राहायला येणार, आणि ते रोज सकाळी या चौकोनात, साबणाच्या वासात, दोघींच्या मध्ये उभं राहणार.

फरशी झाली. पाणी झिरपू नये म्हणून वर लेप द्यायचा होता, तो तिने दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. डब्यावर सांगितलंय तेवढ्याने भागलं असतं, तरी तिने आणखी एकदा दिला. जाळीला बोळा लावून पाणी भरून ठेवलं आणि खालच्या बाईंच्या छताला डाग पडतो का ते पाहून आली. पडला नाही. त्या बाई खूश झाल्या, पण हिचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "म्हणजे चांगलंच ना?" मग भिंती. दातेरी थापीने चिकटवायचा मसाला ओढायचा, त्यावर टाइल दाबायची, किंचित हलवायची, फटींत प्लास्टिकच्या फुल्या बसवायच्या. नव्या टाइल्स पांढऱ्या होत्या, खालच्या जरा खरबरीत, पाय न घसरणाऱ्या. एका संध्याकाळी तिने एक अख्खी ओळ लावली, मागे सरून पाहिली आणि ती केसभर तिरकी वाटली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध होता. तरी तिने ती ओळ उपटली. ओल्या मसाल्यातून टाइल्स चपचप आवाज करत सुटत होत्या, आणि ती त्या एकेक पुसून उभ्या करत होती. मधेच तिचा हात थांबला. ओळ तिरकी नव्हती. ओळ चांगली होती. ती पालथ्या बादलीवर बसली. मसाला कपड्यांवर वाळत होता. आपण हे का करतोय, हे तिला एखादा स्वर अगदी शेवटी कानाला लागावा तसं कळलं. आणि कळल्यावर ते आधीपासूनच वाजत होतं हेही कळलं. खालच्या बाईंनी देऊ केलेल्या त्या नंबरवर तिने फोन केला नव्हता. उंबरा फोडायला लागले त्याच्या निम्म्या दिवसांत तो फुटला असता. बाथरूम झालं नाही तोवर ताई येणार नाही, एवढं साधं गणित होतं, आणि ते तिने स्वतःपासून लपवून, गुडघे सोलवटून घेऊन सोडवलं होतं. ही लाज होती की नुसतीच दमणूक, तिला ठरवता येईना. ती उठली आणि तीच ओळ पुन्हा लावायला लागली, कारण मसाला फार वेळ थांबत नाही.

त्यानंतर खोटं बोलणं सोपं झालं. दादाने विचारलं, "झालं का?" की ती म्हणायची, "फटी भरायच्या राहिल्यात." टाइल्सच्या मधल्या फटींत ग्राउट भरलं की काम संपलं; ते एका दिवसाचं काम. ग्राउटची पिशवी दाराशी पडून होती. दादाच्या पुढच्या फोनलाही फटी राहिल्या होत्या, त्याच्या पुढच्यालाही. कधी हवा दमट होती, कधी दवाखान्यात माणसं कमी होती. दादा आता चिडत नव्हता. "ताईलाही घाई नाही म्हणा," तो म्हणाला. "ती व्यायाम शिकवणारी बाई येते, ती म्हणते पाय अजून हवा तसा चालत नाही." हे ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे तिने स्वतःला ऐकू दिलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ताई होती. हातात वॉकर, मागे टॅक्सीवाला बॅग घेऊन. ताई लहान झाली होती. उंचीने, रुंदीने, सगळीकडूनच. कपडा पुन्हा पुन्हा धुऊन आटावा तशी. केस मात्र चापूनचोपून बसवलेले.

"दादा कुठाय?"

"त्याला सांगितलं, मी जाते म्हणून. लहान मूल आहे का मी?" ताई वॉकर ठोकत आत आली. श्वास लागला होता, तरी ती बसली नाही. "कुठे आहे ते तुझं बाथरूम? दाखव."

तिने दाखवलं. ताई दारात उभी राहून बघत राहिली. पांढऱ्या भिंती, त्यांवर रिकाम्या फटींच्या काळ्या रेघा, खाली सपाट आत जाणारी फरशी, उंबरा नाही. दाराशी न फोडलेली पिशवी. ताईने वॉकरचा एक पाय आत टेकवून पाहिला.

"फटी भरायच्यात," ती म्हणाली.

"दिसतंय. कधीपासून भरायच्यात?"

खांदे मागे गेलेले तिला जाणवले. आता येणार, तिला वाटलं, इतक्या वर्षांचं आता येणार. ताईने स्टूल मागितलं, त्यावर जपून, आधी एक बाजू मग दुसरी, अशी टेकली, आणि फटींकडेच बघत म्हणाली,

"मला जिना चढता येत होता गं. बरेच दिवस झाले. ती व्यायामवाली आली की मी पाय लुळा सोडायचे. ती बिचारी रोज मान हलवून जायची. वहिनी ओल्या फडक्याने पुसायची, ते मला आवडायचं असं नाही. पण ती परकी. परक्या माणसाने पुसलं तर अंग पुसलं जातं, बस्स. तुझ्याकडे यायचं म्हणजे..." तिने हात हलवला, बोटांतली अदृश्य टाचणी कुठे टोचावी हे न सुचल्यासारखा. "मला यायचं नव्हतं, छोटे."

"मलाही नको होतं, तू येणं."

हे शब्द बाहेर पडले आणि काही पडलं नाही, काही फुटलं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. ताईने मान डोलावली, ठरलेली किंमत ऐकल्यासारखी.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता काय. आलीस ना."

"मग दे दादाला फोन करून, पोचले म्हणून. आणि त्या फटी भर. असं अर्धवट ठेवतात होय?"

मावशीने सांगितलेलं ते तेव्हा विचारता आलं असतं. तिच्या जिभेवरही आलं. पण ताईची पोटरी स्टूलवर बसल्या बसल्या थरथरत होती, आणि ताई ती दोन्ही हातांनी दाबून धरत होती, कुणाला दिसू नये अशी. आणि तिला वाटलं, उत्तर ऐकून तरी आपण काय करणार आहोत. काही गोष्टी राहू द्याव्यात, न भरता. तिने पिशवी फोडली.

दिवसभर ती फटी भरत होती आणि ताई स्टूलवर बसून चुकीच्या सूचना देत होती. "खालून वर घे." "अगं, पाणी जास्त झालं." "तो कोपरा सुटला." यातलं एकही तिला बरोबर वाटत नव्हतं, पण शेवटचं बरोबर निघालं. ती चिडली, एकदा ताईला "जरा गप्प बस ना" असंही म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे ताई गप्प बसली. दुपारी दोघींनी तिथेच, दारात, ताटल्या मांडीवर घेऊन खाल्लं. ताईने बसल्या जागेवरून, जिथवर हात पोचत होता तिथवर, टाइलवर पसरलेला मसाला ओल्या स्पंजने पुसला. तेवढाच पट्टा बाकी भिंतीपेक्षा स्वच्छ दिसत होता. संध्याकाळी कंबर धरून उठताना तिला वाटलं की हे सगळं आता रोजचं होणार. डबे हलणार, कोपऱ्यावरून येताना पाय जड होणार, आणि तरीही यावं लागणार. तिने ते वाटू दिलं.

ग्राउट पुरतं वाळल्यावर ताईची पहिली आंघोळ. तिने गरम पाणी सोडून पाहिलं. पाणी जाळीकडे गेलं, फक्त डाव्या कोपऱ्यात वाटीभर थांबलं. तिने प्लास्टिकचं स्टूल आत ठेवलं, साबण हाताशी ठेवला, टॉवेल खुंटीला लावला. ताई वॉकर घेऊन दारापर्यंत आली आणि थांबली.

"तू बाहेर हो."

"अगं, पण पडलीस तर?"

"हाक मारीन. बाहेर हो म्हटलं ना."

ती बाहेर आली. दार लोटलं गेलं, कडी लागली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. आतून वॉकरचं रबर फरशीवर टेकल्याचा आवाज, मग थांबणं, मग कपडे. ते कितीतरी वेळ चाललं होतं. मग स्टूल कुरकुरलं. मग पाणी. सुरुवातीला एकसारखं, मग अंगावर पडून तुटत जाणारं. ताई मधेच स्वतःशी काहीतरी पुटपुटली. साबण हातातून सुटला असावा; ठक्क झालं आणि पुढे काहीच नाही. ती अर्धवट उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवला, काढून घेतला. आतमध्ये ताई श्वास धरून बसली होती, हे तिला इकडे कळत होतं. आणि आपण इथे उभ्या आहोत हे ताईला कळत असणार. पाणी वाहत राहिलं. बराच वेळ झाला.

"छोटे."

"काय गं?"

पुन्हा नुसतं पाणी. मग ताई म्हणाली, एरवी कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू, की कुणी दुसरं असतं तर त्याला ऐकू गेलंच नसतं:

"पाठ राहिली गं माझी. हात पोचत नाही."

तिने बाह्या वर सरकवल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि ती आत गेली.